कपाटातला वारसा, कमरेचा भार

'सिंगर' हे नाव निघाले की मराठी घरातल्या मागच्या पिढीच्या डोळ्यांसमोर एकच वस्तू उभी राहते. काळ्या रंगाचे, अंगावर सोनेरी नक्षी असलेले शिवणयंत्र. आजीने वापरलेले, आईने सांभाळलेले आणि आता बहुधा माळ्यावर गेलेले. अमेरिकेत मात्र हौशी माणसांची एक जमात अशी आहे, की तिला हे नाव ऐकताच पिस्तूल आठवते. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर अमेरिकी सरकारने सिंगर कंपनीकडून लष्करी पिस्तुले करून घेतली. ती संख्येने होती अवघी ५००. पुढे कंपनीकडे अधिक नाजूक यंत्रांचे काम सोपवण्यात आले आणि पिस्तुलांचे काम तिथेच थांबले. त्या पाचशेंपैकी एखादे आज लिलावात आले, तर त्याला लाख डॉलरहूनही अधिक किंमत मिळते. टंकलेखन यंत्रे करणाऱ्या रेमिंग्टन रँड कंपनीने याच जातीची पिस्तुले लाखांनी बनवली. आपल्या कचेऱ्यांमध्ये खडखडणारी टंकयंत्रे आणि युरोपातल्या खंदकांत फिरलेली पिस्तुले यांचे कूळ असे कुठेतरी जवळ येते.

हे पिस्तूल म्हणजे कोल्ट कंपनीचे १९११ सालचे नमुना-पिस्तूल. त्याचे चाहते त्याला कंपनीच्या नावाने कमी आणि सालाच्या नावाने अधिक ओळखतात. 'नाइन्टीन इलेव्हन' म्हटले की झाले. त्याला शंभराहून अधिक वर्षे उलटली. या काळात मोटारी बदलल्या, विमाने बदलली, तबकड्या आणि कॅसेटी येऊन गेल्या. हे यंत्र मात्र किरकोळ फेरफार सोडता तसेच बनते आहे आणि विकले जाते आहे. एवढेच असते तर जुन्या घड्याळांच्या किंवा जुन्या फियाटच्या शौकिनांसारखीच ही एक हौस म्हणून सोडून देता आली असती. पण जुने घड्याळ मनगटावर बांधून कोणी बाजारात गेले तर फार तर त्याची वेळ चुकते. जुने पिस्तूल कमरेला लावून कोणी बाजारात गेले, तर प्रश्न निराळा होतो. नेमका याच प्रश्नावर या हौशी मंडळींत वर्षानुवर्षे कडाक्याचे वाद चालू आहेत. जुने, नावाजलेले पिस्तूल बाळगावे ते कपाटात की कमरेला?

एका लोहाराच्या पोराची करामत

प्रथम हे यंत्र काय आहे ते पाहू. आपल्या बोलण्यात आणि कधी कधी बातम्यांतही रिव्हॉल्व्हर आणि पिस्तूल यांची सरमिसळ होते. रिव्हॉल्व्हरला फिरते चक्र असते, त्यात पाच-सहा काडतुसे बसतात आणि दर बारानंतर चक्र एक घर पुढे सरकते. अर्धस्वयंचलित पिस्तुलात चक्र नसते. काडतुसे मुठीतल्या चपट्या डबीत, म्हणजे मॅगेझिनमध्ये, एकावर एक रचलेली असतात. गोळी सुटते तेव्हा जो धक्का मागे बसतो, त्याच धक्क्याच्या बळावर वरचा सरकता भाग मागे जातो, रिकामे टरफल बाहेर फेकतो, घोडा चढवतो आणि पुढे येताना नवे काडतूस नळीत ढकलतो. चाप मात्र दर वेळी नव्याने ओढावा लागतो, म्हणून ते 'अर्ध'स्वयंचलित.

वाया जाणारा धक्का कामाला लावण्याची ही विद्या ज्यांनी परिपूर्ण केली, त्यांत पहिले नाव जॉन मोझेस ब्राउनिंग यांचे. जन्म १८५५ चा, युटा प्रांतातल्या ऑग्डेन गावचा. वडील बंदुका दुरुस्त करणारे मॉर्मन कारागीर. पोर वडिलांच्या भट्टीजवळच वाढले. या माणसाच्या नावावर पुढे १२८ पेटंटे जमा झाली. १९२६ साली बेल्जियममधल्या बंदुकीच्या कारखान्यात काम करत असतानाच हृदयविकाराने त्यांना मृत्यू आला.

१९११ च्या जन्माची कथा फिलिपिन्समधल्या युद्धाशी जोडलेली आहे. स्पेनकडून ही बेटे घेतल्यावर अमेरिकी फौजांना तिथल्या लोकांशी लढावे लागले. दक्षिणेकडचे मोरो योद्धे गोळ्या लागूनही पुढे येत राहतात, आपले .३८ चे रिव्हॉल्व्हर त्यांना थोपवत नाही, अशी सैनिकांची तक्रार होती. १९०४ मध्ये लष्कराने दोन अधिकाऱ्यांना या प्रश्नाचा छडा लावायला सांगितले. त्यांनी शिकागोच्या कत्तलखान्यात जनावरांवर आणि मानवी प्रेतांवर गोळ्या झाडून पाहिल्या आणि .४५ पेक्षा लहान गोळी नको, असा निष्कर्ष काढला. आजच्या कसोट्यांना ही परीक्षा ओबडधोबड वाटते. पण तिच्यामुळे .४५ हा आकडा अमेरिकी मनात जो रुतला, तो आजतागायत निघालेला नाही. पुढे १९१० मध्ये निवड चाचणीत ब्राउनिंगच्या पिस्तुलातून ६,००० गोळ्या झाडल्या गेल्या. तापले की पाण्यात बुडवायचे आणि पुन्हा सुरू करायचे. ते एकदाही अडकले नाही. २९ मार्च १९११ रोजी सैन्याने ते स्वीकारले आणि १९८५ पर्यंत, म्हणजे दोन महायुद्धे, कोरिया आणि व्हिएतनाम ओलांडून, तेच सैन्याचे अधिकृत पिस्तूल राहिले.

या कथेला एक विलक्षण शेपूट आहे. ज्या फिलिपिन्समधल्या माणसांना थोपवण्यासाठी हे पिस्तूल घडले, त्याच फिलिपिन्समधल्या एका कारखान्यात आज त्याच्या प्रतिकृती मोठ्या संख्येने बनतात आणि अमेरिकेतल्या बेताच्या खिशाच्या शौकिनांना विकल्या जातात.

भक्तांची बाजू

जुन्याचे भक्त काय म्हणतात? त्यांचा पहिला मुद्दा चापाचा. बहुतेक पिस्तुलांचा चाप बिजागरीवर फिरतो. १९११ चा चाप सरळ मागे सरकतो. ओढ थोडी, हलकी आणि प्रत्येक वेळी सारखी. तबल्याची शाई चांगली बसली आहे की नाही हे वादकाला जसे पहिल्या थापेत कळते, तसे या चापाबद्दल नेमबाजाला पहिल्या बारात कळते, असे त्यांचे म्हणणे. दुसरा मुद्दा मुठीचा. काडतुसे एकेरी रांगेत असल्याने मूठ सडपातळ राहते आणि हातात चपखल बसते. तिसरा मुद्दा ऐकून आपल्याला आश्चर्य वाटते. सव्वा अकराशे ग्रॅमच्या घरातले हे लोखंड अंगाला सपाट चिकटून राहते, त्यामुळे सदऱ्याखाली लपवायला ते जाडजूड आधुनिक पिस्तुलापेक्षा सोपे, असे अनेक वर्षे ते वापरणारे शपथेवर सांगतात. चांगला रुंद पट्टा आणि चांगले चामडी होल्स्टर हवे, एवढीच अट.

पण या सगळ्या तांत्रिक मुद्द्यांच्या मागे खरा मुद्दा भावनेचा आहे, आणि प्रामाणिक भक्त तो नाकारतही नाहीत. आजोबांनी नॉर्मंडीत किंवा ओकिनावात कमरेला लावलेल्या पिस्तुलाचा भाऊबंद आपल्या हातात आहे, ही ती भावना. पोलादाचा थंड स्पर्श, अक्रोडाच्या लाकडाची मूठ, वापराने उडालेला निळसर मुलामा. आपल्याकडे खंडेनवमीला घरातली हत्यारे धुऊनपुसून, झेंडू वाहून पुजली जातात. सुताराची करवत आणि सरदारघराण्यातली तलवार एकाच भावाने पाटावर येतात. ज्याने ते पाहिले आहे त्याला ही भावना समजायला अवघड जाऊ नये.

जुन्या पिस्तुलांत १९११ एकटे नाही. जर्मनीचे ल्युगर आहे, गुडघ्यासारखे वाकणारे सांधे असलेले आणि घड्याळजीने घडवल्यासारखे. लढाईहून परतणाऱ्या दोस्त सैनिकांची ती सर्वांत आवडती लूट होती. ब्राउनिंगने आरंभलेले आणि त्याच्या मृत्यूनंतर बेल्जियन सहकारी द्यूदोने सेव्ह याने पुरे केलेले, १९३५ सालचे 'हाय पॉवर' आहे. त्यात तेरा काडतुसे मावत. भारतीय सैन्याने दीर्घकाळ वापरलेले नऊ मिलिमीटरचे पिस्तूल म्हणजे ईशापूरला बनणारे हेच हाय पॉवर. आणि माउझर सी-९६ आहे, झाडूच्या दांड्यासारख्या मुठीचे. त्याच्याशी मुंबईचा एक धागा जुळतो. १८९६ मध्ये तरुण विन्स्टन चर्चिल ससून डॉकवर उतरताना लोखंडी कडीला धरायला गेले आणि नाव लाटेबरोबर खाली गेल्याने त्यांचा खांदा निखळला. तो जन्मभर कच्चाच राहिला. त्यामुळे १८९८ मध्ये सुदानात ओमदुर्मानच्या घोडदळाच्या हल्ल्यात त्यांनी तलवार न उपसता माउझर पिस्तूल वापरले. मुंबई बंदरातल्या त्या एका हिसक्याने त्यांचे प्राण वाचवले, असे पुढे तेच मानत.

चढवलेला घोडा

आता वादाकडे वळू. १९११ चा चाप घोडा चढवत नाही, तो फक्त सोडतो. म्हणजे पिस्तूल तत्काळ वापरता यावे असे वाटत असेल तर नळीत काडतूस, घोडा मागे चढवलेला आणि अंगठ्याचा खटका वर लावलेला, अशा स्थितीत ते कमरेला ठेवावे लागते. पाहणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. भरलेले पिस्तूल, चढवलेला घोडा, आणि ते लावून माणूस वाण्याकडे साखर आणायला निघालेला!

जेफ कूपर नावाचे मरीन दलातले एक निवृत्त लेफ्टनंट कर्नल (१९२०–२००६) या पंथाचे आद्य गुरू. त्यांनी १९७६ मध्ये ॲरिझोनात पिस्तूल शिकवण्याची शाळा काढली. पिस्तूल बाळगण्याच्या वेगवेगळ्या अवस्थांना त्यांनी क्रमांक दिले आणि वर सांगितलेली 'पहिली अवस्था' हीच योग्य, असा त्यांचा आग्रह होता. घोडा हलकेच खाली उतरवून ठेवणे, ही दुसरी अवस्था. पण भरलेल्या नळीवर घोडा उतरवताना अंगठा निसटला तर काय, हा प्रश्न तिथे उरतो. नळी रिकामी ठेवणे, ही तिसरी. ती सुरक्षित खरी. पण गरजेच्या क्षणी दोन्ही हात लागणार आणि तेवढा वेळ मिळेलच असे नाही. आजही १९११ बाळगणारे या तीन अवस्थांवरून एकमेकांशी तावातावाने भांडतात.

पहिल्या अवस्थेचे समर्थक म्हणतात, घोडा दिसतो म्हणून भीती वाटते. इतर पिस्तुलांतही स्प्रिंग ताणलेलीच असते, ती डोळ्यांआड असते इतकेच. शिवाय मुठीच्या मागे एक पट्टी आहे. ती तळव्याने दाबली जात नाही तोवर चाप काम करत नाही. अंगठ्याचा खटका तर घोडदळाच्या आग्रहाखातर जोडला गेला. घोड्यावर बसून लगाम आवरताना एका हाताने पिस्तूल सुरक्षित करता यावे म्हणून. विरोधक म्हणतात, हे सारे ठीक. पण संकटात छाती धडधडत असताना, बोटे बधिर झाली असताना तो खटका खाली ढकलायची आठवण राहील कशी? उत्तर येते, सरावाने. त्यावर प्रत्युत्तर येते, किती जण सराव करतात?

जुन्या नमुन्यात आणखी एक उणीव होती. भरलेले पिस्तूल उंचावरून नळीच्या तोंडावर आदळले, तर आतली टोचणी आपल्याच जडत्वाने पुढे जाऊन बार उडण्याची शक्यता असे. कोल्टने १९८३ च्या सुमारास टोचणीला अडसर घालणारी नवी रचना आणली. झाले, नवा वाद! या अडसरामुळे चापाची गोडी गेली, अशी तक्रार निष्ठावंतांनी सुरू केली. सुरक्षितता वाढली हे मान्य, पण चव बिघडली. हौस माणसाला कुठवर नेते, याचा हा मासला आहे.

प्लास्टिकचा पाहुणा

१९८२ मध्ये गॅस्टन ग्लॉक या ऑस्ट्रियन उद्योजकाच्या पिस्तुलाला त्याच्या देशाच्या सैन्याने पसंती दिली. त्याची मूठ पोलादाची नव्हे तर कणखर प्लास्टिकची. वजन ७०० ग्रॅमच्या आसपास, पोटात १७ काडतुसे, बाहेर दिसणारा घोडा नाही, अंगठ्याचा खटका नाही. उपसा आणि चाप ओढा. भक्तांनी त्याची विटेशी तुलना केली, पण पोलीस दलांनी ते उचलून धरले. अमेरिकी सैन्यानेही १९८५ मध्ये बेरेटा आणि २०१७ मध्ये सिग हे नऊ मिलिमीटरचेच पिस्तूल निवडले.

मोठी गोळी की जास्त गोळ्या, या वादाचे पारडेही हळूहळू फिरले. अमेरिकेची एफबीआय १९८६ मधल्या मायामीच्या एका रक्तरंजित चकमकीनंतर मोठ्या गोळीकडे गेली होती. २०१५ च्या सुमारास ती पुन्हा नऊ मिलिमीटरकडे परतली. काडतुसे सुधारली आहेत, पिस्तुलाच्या गोळ्यांतला फरक लोक समजतात तेवढा उरलेला नाही, आणि लहान गोळीने नेम अधिक लागतो, असे तिच्या प्रशिक्षकांचे म्हणणे पडले. .४५ चे भक्त हे मानायला तयार नाहीत. ते म्हणतात, सात गोळ्यांत काम होत नसेल तर सतरांतही होणार नाही.

शौकिनांचे मत तज्ज्ञाला आणि लेखकालाही कसे वाकवते, याचे एक गमतीदार उदाहरण साहित्यात आहे. १९५६ मध्ये ग्लासगोच्या जेफ्री बूथरॉइड नावाच्या बंदूकप्रेमी वाचकाने इयान फ्लेमिंग यांना पत्र लिहून कळवले, की तुमचा जेम्स बाँड वापरतो ते छोटे बेरेटा बायकांच्या पर्समध्ये शोभणारे आहे. त्याने चांगले रिव्हॉल्व्हर सुचवले आणि ऑटोमॅटिकच हवे असेल तर वाल्थर पीपीके घ्या म्हणून सांगितले. १९५८ च्या कादंबरीत बाँडच्या हातात वाल्थर आले, आणि बाँडला शस्त्र देणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव फ्लेमिंगनी ठेवले मेजर बूथरॉइड! पुढे पडद्यावरच्या बाँडमुळे वाल्थर जगभर पोहोचले.

ज्याचे मोल, त्याची जोखीम

या सगळ्या गदारोळात एक तिसरा गट शांतपणे बोलतो. तो आहे खऱ्या संग्राहकांचा. त्यांचे म्हणणे साधे आहे. अस्सल जुने पिस्तूल कमरेला लावू नका. पोलाद जुने, स्प्रिंगा थकलेल्या, घामाने मुलामा जातो आणि गंज चढतो. शिवाय एक व्यवहारी मुद्दा ते पुढे करतात. देव न करो, पण ते वापरायची वेळ आलीच, तर पुराव्याची वस्तू म्हणून पोलीस ते ताब्यात घेणार. खटला मिटेपर्यंत आजोबांची आठवण चिठ्ठी चिकटवून मालखान्यात पडून राहणार. तेव्हा आजोबांचे कपाटात ठेवा, आणि बाळगायचेच असेल तर बाजारातले, हरवले तरी हळहळ वाटणार नाही असे बाळगा.

ही कपाटाची हौस किती खोल आहे, ते २०१८ मध्ये दिसले. सैन्याच्या गोदामात पडून असलेली जुनी १९११ पिस्तुले नागरिकांना विकण्याची मुभा अमेरिकी काँग्रेसने दिली होती. ८५० ते १,०५० डॉलर किंमत, माणशी एकच पिस्तूल, कसून पडताळणी. तरी हजारो अर्ज आले आणि क्रम लावण्यासाठी चिठ्ठ्या टाकाव्या लागल्या.

कायद्याचा प्रवाह मात्र कमरेच्या दिशेने वाहतो आहे. योगायोग असा, की ज्या १९११ मध्ये हे पिस्तूल सैन्यात आले, त्याच वर्षी न्यूयॉर्क राज्याने लहान शस्त्रांवर परवाना बसवणारा सुलिव्हन कायदा केला. पुढे, शस्त्र लपवून बाळगायचे तर सबळ कारण दाखवा, अशी अट तिथे आली आणि ती शंभरेक वर्षे टिकली. २३ जून २०२२ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती अट घटनाबाह्य ठरवली. २०२४ अखेर २९ राज्यांत प्रौढ नागरिकाला परवान्याशिवाय पिस्तूल लपवून बाळगण्याची मोकळीक होती.

आपला परवाना, आपली आठवण

आपल्याकडचे चित्र उलटे आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार शस्त्र बाळगणे हा हक्क नव्हे. परवान्याची ती मेहेरबानी. जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्तांना कारण पटावे लागते. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच शस्त्रे ठेवता येतात. नऊ मिलिमीटर सामान्यांना निषिद्ध. परवानाधारकाच्या वाट्याला येते ते बहुधा.३२. निवडणूक लागली की शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करण्याचे हुकूम निघतात. परदेशी शस्त्रांची आयात सामान्य नागरिकाला १९८० च्या दशकाच्या मध्यापासून जवळजवळ बंद असल्याने, अमेरिकेत किरकोळ भावाने मिळणारे जुने विलायती पिस्तूल इथे लाखांच्या घरात जाते. म्हणजे जुन्या पिस्तुलाचे मोल आपल्याकडेही आहे, पण ते बरेचसे टंचाईतून आलेले.

आणि आपली आठवणही वेगळी आहे. १९३४ सालचे बेरेटा हे इटलीचे छोटे, आटोपशीर पिस्तूल. संग्राहक त्याच्या साधेपणाची तारीफ करतात आणि ती यंत्र म्हणून खोटी नाही. पण ३० जानेवारी १९४८ च्या संध्याकाळी दिल्लीत गांधीजींवर तीन गोळ्या सुटल्या त्या याच नमुन्याच्या पिस्तुलातून. ते ग्वाल्हेरहून मिळवलेले होते आणि ते धरणारा हात महाराष्ट्रातला होता. त्या तीन गोळ्यांनी देशाचे आणि महाराष्ट्राचेही किती नुकसान केले, ते आपल्या आधीच्या पिढीने पाहिले. त्यामुळे 'किती सुबक यंत्र!' असे म्हणताना मराठी माणसाची जीभ थोडी अडखळते. ती अडखळावी हेच बरे.

वादात न येणारा प्रश्न

कूपर यांनी शिकवलेले सुरक्षिततेचे चार नियम जगभरच्या नेमबाजांना पाठ असतात. प्रत्येक शस्त्र भरलेलेच आहे असे समजा. ज्याचा नाश करायचा नाही त्याच्या दिशेने नळी वळवू नका. नेम धरेपर्यंत बोट चापाबाहेर ठेवा. लक्ष्य काय आहे आणि त्याच्या पलीकडे काय आहे याची खात्री करा. कोल्हापूर-पुण्याच्या नेमबाजी केंद्रांवर शिकणारी आपली मुलेमुलीही थोड्याफार फरकाने हेच शिकतात. नियम उत्तम आहेत. पण ते सगळे शस्त्र हातात असतानाचे आहेत. शस्त्र हातात नसताना, उशाखाली किंवा ड्रॉवरमध्ये असताना काय, हा प्रश्न शौकिनांच्या वादात क्वचितच येतो.

आकडे मात्र तिथेच बोट ठेवतात. २०२१ मध्ये अमेरिकेत बंदुकांनी ४८,८३० माणसे मेली. त्यातल्या २०,९५८ हत्या होत्या. आत्महत्या होत्या २६,३२८. निव्वळ अपघातात गेलेली माणसे साडेपाचशेच्या आसपास. म्हणजे ज्या अनोळखी हल्लेखोरासाठी खटके, काडतुसे आणि नळीच्या अवस्था यांचा एवढा काथ्याकूट होतो, त्याच्यापेक्षा मोठा धोका घरातल्याच एखाद्या खचलेल्या माणसाला आहे. सात गोळ्या की सतरा, या वादाला त्याच्या बाबतीत काही अर्थ उरत नाही. त्याला एकच पुरते. तो वाईट तास टळला तर माणूस पुष्कळदा सावरतो. तो तास टाळायला कुलूपबंद कपाट उपयोगी पडते. पिस्तूल कपाटात ठेवावे असे संग्राहक म्हणतात ते पोलादाच्या काळजीपोटी. पण त्यांचा सल्ला माणसांनाही लागू पडतो.

हे दूरच्या देशाचे रडगाणे आपण का ऐकावे, असे कोणी विचारील. पण आज ठाण्या-पुण्यातल्या कितीतरी घरांतली मुले-सुना ह्यूस्टनला, डॅलसला, फिनिक्सला आहेत. त्यांच्या शेजाऱ्याच्या कमरेला किंवा मोटारीच्या कप्प्यात पिस्तूल असणे तिथे नवलाचे नाही. नातवंडे शेजारी खेळायला जातात. तिथले बालरोगतज्ज्ञ पालकांना सांगतात, की मूल दुसऱ्याच्या घरी पाठवण्याआधी विचारा, घरात बंदूक आहे का आणि असली तर कुलपात आहे का. आपल्या भिडस्त स्वभावाला हा प्रश्न उद्धट वाटतो. कुत्रा बांधलेला आहे ना, हे मात्र आपण बेलाशक विचारतो. तेवढ्याच सहजपणे हेही विचारायला शिकावे लागेल. जाणकार शौकिनाला त्याचा राग येणार नाही. उलट तो उठून आपल्या लोखंडी कपाटाचे कुलूप दाखवील, आणि तुम्ही थोडा वेळ थांबलात तर आतले आजोबांचे १९११ ही बाहेर काढील. मॅगेझिन वेगळे करून, नळी रिकामी आहे हे आधी स्वतः पाहून आणि मग तुम्हाला दाखवून.